रुमालातला ख्रिस्तप्रसाद

माझ्या बाबांनी जवळजवळ वर्षभर माझ्याशी गिऱ्हाइकांमार्फत संवाद साधला. आमचं कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या बनवायचं दुकान आहे. ते इतकं चिंचोळं की एकानं कानस उचलली तर दुसऱ्यानं कोपर आत घ्यावं. अशा जागेत अबोला धरायला हाडाचा हट्टी माणूस लागतो, आणि बाबा तसेच आहेत. किल्ली करायला आलेल्या एखाद्या बाईंना ते सांगत, "ताई, काही माणसांना चांगलं चाललेलं असताना देव बदलायची हौस असते." बाई बिचाऱ्या गोंधळून हातातल्या किल्लीकडे बघत. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे सून नव्हती, तेव्हा लेकीलाच लावून घ्यावं लागे.

मी कॅथलिक व्हायचं ठरवलं होतं, एवढाच माझा गुन्हा. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी बाबा माझ्याशी शेवटचं थेट बोलले. "ते पाणी डोक्यावर घ्यायचं असेल तर या घराचा उंबरा विसर. दुकानात ये, ते तुझं पोट आहे. घरी यायचं नाही." मीही त्यांचीच मुलगी. त्याच आठवड्यात बेकरीच्या वरची खोली भाड्यानं घेतली. पुढे आई जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला, तरी मला तिच्याकडे जाता येईना. फोनवर ती म्हणायची, "एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मी इथे छताकडे बघत पडलेय आणि तुम्ही बसा आपापली नाकं सांभाळत." फोन ठेवल्यावर मी रडायचे. मग पुन्हा हट्टाला पेटायचे.

लोक विचारतात, असं काय पाहिलंस तिथे? मला चमत्कार वगैरे काही दिसला नाही. चर्चच्या बाजूच्या दाराचं कुलूप अडकलं होतं, ते उघडायला गेले होते. सकाळची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, चालू होती, म्हणून मागच्या बाकावर थांबायला सांगितलं. जेमतेम दहा-बारा माणसं. बाजाची पेटी वाजवणाऱ्या बाईंचे सूर गाणाऱ्यांच्या मागून धापा टाकत येत होते. प्रवचनात मला दोनदा जांभई आली. मग सगळे एकमेकांकडे वळून 'शांती असो' म्हणत हात देऊ लागले, आणि पुढच्या बाकावरच्या आजींनी माझा तेलानं काळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी म्हटलं, "आजी, हात घाण आहे." त्या म्हणाल्या, "असू दे ग, तुझाच आहे ना!" आणि पुसायचं नावही न घेता गुडघ्यांवर बसल्या. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. तेव्हा कुठलंही कुलूप अडकलेलं नव्हतं.

मला आवडतं ते हेच. इथे कुणी कुणाला निवडून घेतलेलं नाही. खडूस डॉक्टर, त्याच्यावर खार खाऊन असलेली नर्स, सारखी शिंकणारी बाई, सगळी एका रांगेत उभी राहतात आणि सगळ्यांना तेवढीच एक पातळ, चवीला जवळपास काहीच नसलेली भाकर मिळते. कुणाला मोठी नाही, कुणाला जाड नाही. तो देव इतका लहान होऊन माणसाच्या तळहातावर येतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा धडकीच भरली. अजूनही भरते. मी या लोकांवर मनापासून प्रेम करते, त्यांच्या बेसूर गाण्यासकट.

संस्काराच्या वेळी माझ्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या धर्ममातेला सगळे कर्नलबाई म्हणतात. शाळेत कवायत शिकवायच्या, आता रविवारी चर्चमध्ये रांगा लावतात. वर्षभराच्या शिकवणीत मी इतके नियम पाठ केले की त्यांच्याही चुका काढू लागले. दुकानात बाबांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलंच, "बाटग्याची बांग मोठी असते, साहेब." मला राग आला, कारण ते खरं होतं.

माझ्या स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, सकाळी बाबा आले. मी डोकं पुसत वेदीपाशी उभी होते, आणि शेवटच्या खांबाजवळ इस्त्रीच्या शर्टात बाबा! आईनं पाठवलं असणार. माझे कान गरम झाले. मग फादरांनी माझ्या हातावर पहिला ख्रिस्तप्रसाद, तीच पातळ भाकर, ठेवला. मी जागेवर येऊन गुडघे टेकले, डोळे मिटले, उघडून बघते तर बाबा प्रसादाच्या दुसऱ्या रांगेत उभे!

कर्नलबाईंनी बाकामागून बाक उठवला, तेव्हा बाबांनाही रांगेत हाकललं असणार. तिकडे प्रसाद वाटणाऱ्या सिस्टर त्यांना ओळखत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ख्रिस्ताचं शरीर." आमेन म्हणायचं सोडून बाबा मोठ्यानं म्हणाले, "हो." तळहातावर पडलेलं त्यांनी नीट पाहिलं. मग खिशातून धुतलेला रुमाल काढला, त्यात ते जपून गुंडाळलं, वरच्या खिशात ठेवलं आणि गर्दीतून जागेवर गेले.

तो प्रसाद स्नानसंस्कार झालेल्यांनीच घ्यायचा आणि तिथल्या तिथे खायचा असतो. वर्षभर जे शिकले होते ते सगळं त्या खिशात होतं.

मिस्सा संपता संपता कर्नलबाई माझ्या कानाशी आल्या. "खिशात घातलं ग त्यांनी! जा, मागून घे. तू नाही गेलीस तर मी जाते."

"तुम्ही हलू नका," मी म्हटलं.

पण मी तरी काय करणार होते? चारचौघांत खिसा रिकामा करायला लावला, तर हा माणूस जन्मात पुन्हा माझ्याकडे बघणार नव्हता, आणि आईचं दार कायमचं बंद होणार होतं. गप्प बसले, तर मी आज सकाळी वेदीपाशी जे कबूल केलं ते सगळं नुसतं तोंडदेखलं. कुठल्या तोंडानं जावं ते कळेना, तरी पाय दाराकडे चालू लागले.

बाबाच आधी बोलले. गिऱ्हाईक मध्ये न घालता. "निघतो मी. तुझ्या आईसाठी घेतलंय. तिला यायचं होतं, पाय टेकवत नाही. मी स्वतः नाही खाल्लं, म्हटलं एकच आहे, तिला देऊ." आणि खिशावर हात ठेवला.

तेवढ्यात फादर आले, मागोमाग कर्नलबाई; त्यांनीच सांगितलं असणार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या खिशाकडे, आणि त्या म्हाताऱ्या माणसानं बाबांसमोर सावकाश एक गुडघा जमिनीला टेकवला.

"अहो, सांभाळा!" बाबांना वाटलं घेरी आली. त्यांनी फादरांना बखोटीला धरून उठवलं. "काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. तुमच्या खिशात आहे त्याला नमस्कार केला."

बाबा खिशाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

"घरच्या आजारी माणसासाठी न्यावंसं वाटलं, त्यात काय चुकलं? आम्हीही नेतो. फक्त ज्यांनी हा विश्वास स्वीकारलाय त्यांनाच देतो. वहिनींसाठी मी घरी येऊन प्रार्थना करीन, तुम्ही या म्हणालात तर. पण हे मात्र असं ठेवता येत नाही. आत्ताच कुणीतरी घ्यायला हवं."

"मग घ्या परत." बाबांनी घाईघाईनं रुमाल पुढे केला.

"तुमच्या हाती दिलंय," फादर म्हणाले. "तुम्हीच द्या. लेक समोर उभी आहे."

कर्नलबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं. फादरांनी नुसतं बघितलं, त्यांनी मिटलं.

बाबांनी रुमाल उलगडला. मोडलं नव्हतं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं, घड्याळातली बारीक कमान धरावी तसं. ती बोटं पितळेच्या किसानं कायमची काळी आहेत, कितीही धुवा. "काय म्हणतात देताना?" त्यांनी फादरांना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मला म्हणाले, "आ कर."

मी आ केला. त्यांनी ते माझ्या जिभेवर ठेवलं. वर्षभर आमेन घोटलं होतं, पण ऐन वेळी आवाजच निघाला नाही. मी नुसती रडले, नाक वाहेपर्यंत, भर चर्चच्या दारात. फादरांनी रुमालाच्या घड्या निरखून पाहिल्या, कण राहिला का ते, आणि तो माझ्या हातात दिला.

बाबा मोकळे हात घेऊन उभे होते. त्यांना त्यांचं काय करावं कळत नव्हतं.

"पंचाईत झाली," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "ती सकाळपासून वाट बघतेय. घेऊन येतो म्हणालो होतो मी." मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "रिकाम्या हातानं कसा जाऊ तिच्यापुढे? चल, तूच चल घरी."