सातवं गाणं

"बाणूअक्का, खुरपं ठेव! श्रीदेवीचा फोन हाय!"

महांतेशने बांधावरच मोटरसायकल उभी केली आणि मोबाइल डोक्याच्या वर धरला. २००८ सालचा श्रावण होता. सीमाभागातल्या आळंद तालुक्यातल्या खजुरीत त्या वेळी फोन लागायला उंचवटा शोधावा लागायचा, आणि बाणूबाई रोजाने खुरपत होती त्या अंकुशरावांच्या तुरीच्या रानात तेवढा बांधच काय तो उंच होता. महांतेशचं गावात रिचार्जचं दुकान होतं. बाहेरगावी गेलेल्यांचे निम्मे फोन त्याच्याच मोबाइलवर यायचे.

बाणूबाई हातातलं गवत टाकून बांधावर चढली. महांतेशने मोबाइल स्पीकरवर लावून तिच्यापुढे धरला. श्रीदेवीचा फोन रविवारी यायचा, आणि आज तर मंगळवार.

"काय झालं गं? बरी हायस का?"

"बरी हाय माय. घाबरू नको. एक इचारायचं हाय. ते तुझं मेंढरांचं गाणं हाय बघ, ते कुणाचं हाय?"

"ते इचाराया फोन केलीस व्हय?" बाणूबाईने कपाळाचा घाम पुसला. "कुणाचं म्हंजे? माजं हाय."

श्रीदेवी बाणूबाईची एकुलती एक लेक. बीदरला नर्सिंग शिकली, चार वर्षं बेंगळूरला काढली आणि तिथून आयर्लंडला गेली. डब्लिनच्या एका दवाखान्यात ती कामाला होती. मागच्या वर्षी तिच्या वॉर्डात एक म्हातारा आला. पक्षाघाताच्या झटक्याने त्याची वाचा गेली होती, आणि कुणी हाक मारली तरी तो भिंतीकडेच बघत राहायचा. एका सकाळी त्याची चादर बदलताना श्रीदेवी सवयीने आईचं गाणं गुणगुणत होती. म्हाताऱ्याने मान वळवली आणि गाणं संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याची मुलगी नोरीन दारातच उभी होती.

नोरीन टायर्नी स्वतः गाणी लिहायची आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन लहानलहान हॉलमध्ये गायची. तिचे दोन अल्बम निघाले होते, तिसऱ्याचं काम चालू होतं. बाप गेल्यावर महिन्याभराने ती श्रीदेवीला शोधत परत दवाखान्यात आली आणि म्हणाली, ते गाणं माझ्या अल्बममध्ये गाशील का? श्रीदेवीने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. सुट्टीच्या दिवशी ती स्टुडिओत जाऊ लागली. मागे गिटार आणि ड्रम, मध्ये नोरीनचे इंग्रजी शब्द, आणि त्यांच्यामधून वाट काढत येणाऱ्या आळंद तालुक्यातल्या दोन ओव्या. अल्बममधलं ते सातवं गाणं होतं.

हे सगळं बाणूबाईला रविवारच्या फोनवर तुकड्यातुकड्याने कळलं होतं. आपलं गाणं तिकडच्या बाईला आवडलं, याचं तिला नवलच वाटलं होतं. त्यापुढे तिने फारसं विचारलं नव्हतं.

"माय, आता नीट ऐक," श्रीदेवी म्हणाली. "अल्बमसंगं एक पुस्तिका असती. कुठलं गाणं कुणी लिवलं, ते त्यात छापतेत. आज दुपारीच छापायला जायलंय. कंपनीवाले म्हणायलेत, असल्या गाण्याला कुणाचं नाव नसतंय. 'भारतीय लोकगीत' असं लिवायलेत."

"लोकगीत म्हंजे?"

"म्हंजे... लोकांचं. कुणी केलं ते ठावं न्हाई असं."

"ठावं कसं न्हाई? मला ठावं हाय की! लोकांनी न्हाई, मी केलंय ते."

"खरं हाय माय. पर नोरीन म्हणली, एकदा तुला इचारून घ्यावं. ती इथंच बसलीय. आता बदलायचं म्हणलं तर लई अवघड हाय म्हणतेत."

"मग काढा म्हणावं गाणं."

महांतेशला वाटलं फोन कटला. त्याने मोबाइलकडे वाकून पाहिलं.

"माय," श्रीदेवीचा आवाज बारीक झाला, "सहा महिने गायलेय मी. सुट्टी घेतली न्हाई, झोप घेतली न्हाई. माझा आवाज हाय गं त्यात."

"आवाज तुझा हाय बाई," बाणूबाई म्हणाली. "पोर माझं होतं."

"कुणाचं पोर?"

खाली रानात खुरपणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. शरणम्मा, जी वीस वर्षं बाणूबाईच्या शेजारच्या ओळीत खुरपत आली होती, ती अर्धवट उठून ऐकत होती.

बाणूबाईने आजवर ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. आणि आज ती रानात, चारचौघींसमोर, महांतेशच्या फोनमध्ये सांगू लागली.

"तू व्हायच्या आधी. आमी मेंढरं घिऊन कमठाण्याकडं गेल्ताव. पोरगं आठ महिन्याचं होतं. बीरू नाव ठेवल्तं. दोन दिस ताप आला न् तिसऱ्या दिशी सकाळी गेलं. रानवाल्यानं एकाच रातीची जागा दिल्ती. संगतीचे लोक निघाल्ते. तुझ्या अप्पांनी बाभळीच्या बुडी खड्डा काढला, लेकरू ठिवलं, न् काठी उचलून मेंढरांना हाळी दिली. माझ्याकडं बगितलं बी न्हाई. मी मागनं चालाया लागले. चालता चालता ते गाणं झालं. रडाया कुणी थांबू देत नव्हतं, गायला कुणी नको म्हणत नव्हतं."

"मी तर नोरीनला सांगितलं, कोकरू मागं ऱ्हायलंय म्हणून," श्रीदेवी कशीबशी म्हणाली. "तू कधी बोलली बी न्हाईस."

"तू दोनच ओव्या ऐकल्यास. पाच हायत."

फोनमधून दुसऱ्या एका बाईचा आवाज आला. ती काहीतरी विचारत होती. श्रीदेवी रडत रडत इंग्रजीत बोलू लागली. बराच वेळ ती एकटीच बोलत होती. मग ती दुसरी बाई एवढंसं काही बोलली.

"काय म्हणायली?" बाणूबाईने विचारलं.

"म्हणायली, तुझ्या आईला इचार, ती पाची ओव्या म्हणंल का. आता. हाय तिथूनच. ती टेप करून घ्यायलीय."

"इथं? रानात?"

"म्हण की अक्का," महांतेश हळूच म्हणाला. त्याने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला आणि स्वतः मान खाली घातली.

बाणूबाई गायली असेल ती कायम वाकून. खुरपताना, दळताना, तोंड जमिनीकडे करून. आज ती बांधावर ताठ उभी राहिली. पदर कमरेला खोचलेलाच होता. एकदा खाकरून तिने सुरुवात केली.

*मेंढरं गेली पुढं, पाय माझं त्यांच्यासंगं*
*काळीज बसलं बाई, बाभळीच्या बुडी मागं*

पहिल्या ओवीला आवाज कापला. दुसरीला स्थिर झाला. तिसरीपासून पुढच्या तिने कुणापुढे कधी म्हटल्या नव्हत्या. शरणम्मा तोंडावर हात धरून उभी होती. रानावरून वारा येत होता, तुरीची पानं सळसळत होती, आणि बाणूबाईचा आवाज चढत गेला.

*वारा सुटला माळाचा, पांघराया काय देऊ*
*हाक मारिते वाटंनं, ऐकू येतं का रं बीरू*

गाणं संपल्यावर फोनमधून नोरीन एकच शब्द बोलली. तो कळायला श्रीदेवीची गरज पडली नाही. नोरीन म्हणाली, "बाणूबाई." नाव तिला नीट उच्चारता आलं नव्हतं, पण तिने ते एकेक अक्षर जपून म्हटलं होतं.

"तिला सांग," बाणूबाई म्हणाली, "गाण्याला नाव पायजे असंल तर बीरू लिव म्हणावं. न्हाई तर काढून टाक."

छपाई थांबली. कंपनीवाले वैतागले, तारखा जाहीर झाल्यात म्हणाले. नोरीनने त्यांना सांगितलं की सातवं गाणं नव्याने बांधायचं आहे, आणि ते होईपर्यंत अल्बम निघणार नाही. अल्बम तीन महिने उशिरा आला.

माघात श्रीदेवी सुट्टीवर घरी आली, ती बॅगेत दहा सीड्या घेऊन. मुखपृष्ठावर करडा समुद्र आणि दगडी भिंत होती. महांतेशने दुकानातला सीडी प्लेयर देवळाच्या भोंग्याला जोडला. सकाळी नऊच्या सुमाराला दुकानापुढे निम्मी खजुरी जमली. अंबाजी, बाणूबाईचा नवरा, सगळ्यांच्या मागे कट्ट्यावर बसला होता. मेंढरं विकून त्याला पंधरा वर्षं झाली होती. रानातली गोष्ट बायकांनी त्याच्या कानावर जाऊ दिली नव्हती; त्याला फक्त एवढंच माहीत होतं की लेकीचं गाणं लागणार आहे.

गिटार सुरू झाली तशी शरणम्माने कानांवर हात ठेवले.

"अय्यो, हे काय? गिरणी चालू केल्यावाणी!"

लोक हसले. मग ड्रमवर हळूहळू चालणाऱ्या पावलांसारखा ठेका आला, नोरीनचा घोगरा आवाज आला, आणि त्याच्यामागून श्रीदेवीचा. हसणं थांबलं. गिटार वाढत गेली. भोंगा थरथरू लागला. कट्ट्यावरची पोरं उठून उभी राहिली. आता आणखी वाढणार असं वाटत असतानाच सगळी वाद्यं एकदम बंद पडली.

खरखर ऐकू आली. वारा. पानांची सळसळ. आणि बाणूबाईचा आवाज, एकटा, देवळाच्या भोंग्यातून गावभर.

"बाणक्का!" कुणीतरी ओरडलं.

"ह्या माझ्या बांगड्या!" शरणम्मा उड्याच मारायला लागली. "ऐका की! माझ्या बांगड्या वाजायल्यात मागं! मी हाय त्यात, मी बी हाय!"

बाणूबाई दुकानाच्या पायरीवर उभी होती. लोक भोंग्याकडे बघणं सोडून तिच्याकडे बघत होते. तिने पदर डोक्यावर ओढला नाही, मानही खाली घातली नाही. गावच्या शाळेत शिकवणाऱ्या विजयश्रीबाईंनी पुस्तिका हातात घेऊन इंग्रजीतलं मराठीत करून मोठ्याने वाचलं, "शब्द आणि चाल, बाणूबाई अंबाजी, खजुरी." टाळ्या वाजल्या. एकाने शिट्टी घातली. महांतेशने न विचारताच गाणं पुन्हा लावलं.

दुसऱ्या वेळी शेवटची ओवी झाली तेव्हा अंबाजी गर्दीतून पुढे आला. लोकांनी वाट दिली. तो बाणूबाईपुढे उभा राहिला. एकतीस वर्षांत जे नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं, ते आत्ताच दोनदा गावभर वाजलं होतं.

"त्या दिशी," अंबाजी म्हणाला आणि थांबला. मग परत म्हणाला, "त्या दिशी थांबाया पायजे होतं. म्या थांबवाया पायजे होतं."

त्याची नजर विजयश्रीबाईंच्या हातातल्या पुस्तिकेकडे गेली.

"नाव लिवलंय व्हय त्याचं? त्या कागदात?"

"लिवलंय."

"कुठं?"

श्रीदेवी दाखवायला पुढे झाली, पण बाणूबाईने पुस्तिका आपल्या हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. पण तेवढं एक नाव तिने कालपासून तीनदा लेकीकडून पाहून ठेवलं होतं. वरून मोजत ती सातव्या ओळीवर आली.

"ही चार अक्षरं," ती म्हणाली.

अंबाजीने आधी धोतराला बोट पुसलं, आणि मग ते त्या अक्षरांवर ठेवलं.