डब्यातले शेवट

रविवारी सकाळी दहा वाजता, सगळे ज्याला ‘पोकळी’ म्हणत तो गृहस्थ चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत आला. काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. गेल्या चाळीस वर्षांत त्याने या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

"या भाऊजी," दुकानाचे मालक भिंगकाका म्हणाले.

पोकळी त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण त्याला ‘भाऊजी’ ते फक्त राग आला की म्हणत. त्याआधी, म्हणजे दोस्ती होती तेव्हा, सरळ ‘पोकळ्या’ म्हणत.

विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा शहरातला पहिला क्लब याच खोलीत भरला. भिंगकाका तेव्हा नुकतेच वडिलांच्या दुकानात बसू लागले होते. पोकळी पंपांच्या कारखान्यात होता. बहीण, जिला अख्खा क्लब ताई म्हणायचा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. पुस्तकं मोजकी होती, वाचणारे ढीगभर. लोक पुस्तक न्यायचे, वाचायचे आणि सभेला खुशाल दांडी मारायचे. त्यावर ताईने तोड काढली. प्रत्येक पुस्तकाची शेवटची पानं तिने न वाचताच ब्लेडने कापली आणि या डब्यात ठेवली. शेवट हवा असेल तर शनिवारी सभेला यायचं. डब्याच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर पुस्तकं सांभाळणाऱ्याची, म्हणजे भिंगकाकांची सही. पट्टी फोडायची ती सभेतच. आणि ज्याने पुस्तक वाचलं नाही, त्याने शेवट ऐकायचा नाही.

पुढच्याच महिन्यापासून खुर्च्या कमी पडू लागल्या. ताईचं आणि पोकळीचं जमलं तेही असल्याच एका शेवटासाठी ताटकळताना.

मग क्लबचा वाढदिवस आला. सभासदांनी नाटुकलं बसवलं होतं. त्यात अंतराळयान फुटतं. भिंगकाकांनी हाताशी असलेला हाच डबा उचलला आणि त्यावर फूटपट्टी हाणली. समोर बसलेला पोकळी ताडकन उठला.

"पोकळीत आवाज येत नाही!"

हे तो दर सभेत म्हणायचा, त्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं. पण त्या दिवशी नाटक चालू होतं.

"मग लोकांना काय शांतता दाखवू?" भिंगकाका म्हणाले.

"दाखव ना. हिंमत असेल तर दाखव!"

भिंगकाकांनी आणखी जोरात हाणली. पोकळीने डबा हिसकावला आणि तो जिना उतरून गेला. त्याच्यामागून अर्धा क्लब गेला.

सोमवारी दोन्ही बाजूंच्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकं इकडे राहिली होती, शेवट तिकडे गेले होते. पण मागायला जाणार कोण? ताईने भावाला सांगून पाहिलं, नवऱ्याला सांगून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "माझं शेवटाशी अडलेलं पुस्तक तुम्ही दोघं एका खोलीत बसून पुरं कराल, तेव्हाच मी त्याचा शेवट ऐकेन. तोवर मला कोणी काही सांगायला आलं, तर याद राखा."

शहरातल्या या क्लबांचा पुढचा सगळा इतिहास त्या भांडणातून निघाला. शनिवारवाल्यांकडे, म्हणजे भिंगकाकांच्या क्लबकडे, शेवट नव्हते, म्हणून ते स्वतः शेवट लिहू लागले. एकेका पुस्तकाला पाच-पाच, सात-सात शेवट. एका बसच्या कंडक्टरने लिहिलेला शेवट ऐकून तर भिंगकाकांनी दोन दिवस कोणाच्या चष्म्याचा नंबर धड काढला नव्हता. पोकळीचे रविवारवाले कारखान्याच्या कँटीनमध्ये जमायचे आणि अख्ख्या कथा लिहायचे. विद्यार्थ्यांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना कंटाळून तिसरा क्लब काढला. आता भाचीने, ताईच्या मुलीने, फोनवर चौथा चालवला आहे. त्यातल्या निम्म्या सभासदांना तिने पाहिलेलंही नाही. दोन्ही जुन्या क्लबांत जाणारी अशी एकटी ताईच. शनिवारी भावाकडे, रविवारी नवऱ्याबरोबर.

या सगळ्या काळात भिंगकाकांना एक गोष्ट सलत राहिली. आपण इथे अंदाज बांधत बसलोय आणि तो तिकडे पाय पसरून खरे शेवट वाचतोय.

शुक्रवारी भाचीचा फोन आला होता. "मामा, बुधवारी आईच्या हृदयाची झडप बदलणार आहेत. तिला तो शेवट ऐकायचाय. बाबा रविवारी डबा घेऊन येतील, तुम्ही पुस्तक काढून ठेवा. आणि भांडलात, तर मी दोघांनाही ओळखत नाही."

पोकळीने डबा टेबलावर ठेवला. भिंगकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाकून पाहिलं. झाकणावर पिवळी पडलेली पट्टी होती. तिच्यावर त्यांचीच सही होती, तरुणपणीची, शेपटी फार लांब काढलेली. पट्टी कुठेही फाटली नव्हती.

"हे काय?"

"पट्टी."

"ती दिसतेय मला. चष्म्याचं दुकान आहे माझं. फोडली नाहीस?"

"पुस्तकं तुझ्याकडे. पुस्तक वाचल्याशिवाय शेवट ऐकायचा नाही. नियम आहे."

"अरे, पण एकदाही नाही?"

"नियम म्हणजे नियम. निसर्गाचा तू मोडलास. क्लबचा मी कशाला मोडू?"

भिंगकाका खुर्चीत बसले. पाय पसरून वाचणारा पोकळी त्यांनी इतकी वर्षं मनात इतका नीट रंगवला होता की आता त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

"मग तुम्ही तिकडे वाचत काय होता?"

"वाचायला होतं काय? म्हणून तर लिहीत होतो."

भिंगकाकांनी कापड घेतलं आणि स्वच्छच असलेला चष्मा पुसायला काढला. बराच वेळ पुसला.

"बस, पोकळ्या," ते म्हणाले. "उभा का?"

दुपारी चार वाजता ते हॉस्पिटलमध्ये पोचले. ताई उशांना टेकून बसली होती. छातीवरून निघालेल्या वायरी बाजूच्या यंत्रात गेल्या होत्या.

"दोघं एकाच दारातून आलात?" ती म्हणाली. "दार रुंद केलंय वाटतं."

"आई, बोलू नकोस फार," भाची म्हणाली.

"मग काय खुणा करू? भिंग्या, सुरू कर. रीतसर सभा आहे ही. हिनेसुद्धा पुस्तक वाचलंय, मीच दामटून वाचायला लावलं. त्यामुळे हिला बसू दे."

भिंगकाकांनी पुस्तकात उरलेलं शेवटचं पान वाचलं. दूरच्या एका ओसाड ग्रहावर एक बाई दिवा सांभाळत असते. भरकटलेलं जहाज हाका देतंय. दिवा लावला तर जहाज वाचेल, पण मागावर असलेल्या शत्रूलाही तो दिसेल. ‘तिने दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं, आणि’. पुढे ब्लेडने कापलेली कड होती.

"या ‘आणि’वर मी संसार केला," ताई म्हणाली. "फोडा आता."

"सही तुझी आहे, तू फोड," पोकळी म्हणाला.

भिंगकाकांनी खिशातून फ्रेमचे स्क्रू पिळायचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि पट्टीखालून फिरवला. झाकण कुरकुरत निघालं. आत पानांच्या जुड्या होत्या. ताईचं ब्लेड याच पुस्तकात तिरकं गेलं होतं, ती तिरकी कड जुळवत त्यांनी हवी ती जुडी शोधली. खरं तर जुडी नव्हतीच, एकच पान होतं. ते त्यांनी पोकळीला दिलं.

पोकळीने घसा साफ केला. "‘तिला जाग आली. खिडकीबाहेर उजाडलं होतं. दिवा, जहाज, शत्रू, सगळं स्वप्नच होतं. ती हसली आणि चहा ठेवायला उठली.’"

तो थांबला.

"पुढे?" भाचीने विचारलं.

त्याने पान उलटून पाहिलं. "पुढे प्रकाशकाचा पत्ता आहे."

ताईचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाजूचं यंत्र टीं टीं करू लागलं आणि नर्स धावत आली.

"काय चाललंय? आजी, असं हसायचं नाही हं!"

"मग यांना बाहेर काढा," ताई धापा टाकत म्हणाली. "नको, राहू दे. चाळीस वर्षांनी सापडलेत."

यंत्रावरचे आकडे खाली आल्यावर नर्स गेली. ताईने नवऱ्याचा हात धरला.

"अहो, बरं झालं डबा पळवलात. त्या शनिवारी हे वाचलं असतं, तर सगळे शिव्या घालत घरी गेले असते. कोण परत आलं असतं?" मग भावाकडे वळली. "आणि तूही बरं केलंस, बडवलास ते."

भिंगकाकांना तो कंडक्टर आठवला. त्याच्या शेवटात ती बाई दिवा लावते आणि शत्रू येतो, पण तोही भरकटलेलाच असतो. ज्याने झोपेत हे पान लिहिलं, त्या लेखकाला एक चांगला चष्मा फुकट करून द्यावा, असं त्यांना फार वाटलं. इतक्या माणसांची गाठ त्याने घालून दिली होती. त्यांनी हे बोलूनही दाखवलं.

"चष्मा नंतर," ताई म्हणाली. "मला दुसरा शेवट हवाय. तुम्ही दोघांनी मिळून लिहिलेला. मी शुद्धीवर आले की ऐकेन. आणि त्यात कोणाला जाग आली, तर बघा!"

बुधवारी सकाळी आठ वाजता तिला आत नेलं. दोघं दाराबाहेरच्या बाकावर बसले, मध्ये डबा ठेवून. भाची पलीकडे फोनवर सभासदांना उत्तरं देत होती. भिंगकाकांनी नंबर लिहायचं पॅड आणलं होतं. ‘आणि’च्या पुढे तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं होतं.

"जहाज उतरतं, तिथे धाडकन आवाज हवा," भिंगकाका म्हणाले.

पोकळीने पॅड स्वतःकडे ओढलं. "बाई दिव्याच्या खोलीत आहे ना? आत हवा असणार. जमिनीतून हादरा येईल, भिंती वाजतील." त्याने पॅड पुढे सरकवलं. "येऊ दे आवाज."

भिंगकाकांनी लिहिलं.

दुपारी सव्वाबारापर्यंत अर्धं पान झालं होतं. बाई दाराशी उभी होती, बाहेर पावलं वाजत होती, आणि कोण आलंय यावर दोघांचं अजून एकमत झालं नव्हतं. ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा चालू होता.