चंद्राबाईच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, माणसांच्या दंडाला मिठी मारण्यात माझं आयुष्य गेलं, तरी माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. मी रक्तदाब मोजायचा पट्टा. वरून निळं कापड, पोटात रबराची पिशवी, शेपटाला हवा भरायचा फुगा आणि आकडे दाखवणारी तबकडी. एका कारखान्यात मला शिवलं, फुगवून तपासलं आणि पोलादपूरच्या रुग्णवाहिकेत पाठवलं.

तिथे डॉक्टर सारिकाताई होत्या. त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. जखमी माणसाजवळ पोचल्यावर त्या आधी त्याच्याशी बोलत. तो उत्तर देतो का, श्वास नीट घेतो का, कुठून रक्त वाहतंय का, हात गार आहेत का, हे सगळं बघून झालं की मग माझी पाळी येई. त्यांच्या या शिस्तीला मी मानतो. बाकी रस्त्यावर जमणाऱ्या गर्दीला मी काडीची किंमत देत नाही. ती आधी फोन काढते, मग जखमीला खेचून उठवते आणि वर पाणी पाजते. एवढं करून आपण मदत केली म्हणून घरी जाऊन फुशारकी मारते.

एकदा दुपारी कापडे गावाच्या वाटेवर एक सहा सीटची मिनिडोर रिक्षा गटारात कलंडली. आम्ही पोचलो तेव्हा सगळी गर्दी एकाच माणसाभोवती होती. तो होता विनीत, मुंबईहून गावच्या पूजेला आलेला. कपाळ फुटलं होतं, मनगट वाकडं झालं होतं आणि त्याचं ओरडणं पार खालच्या वाडीपर्यंत ऐकू जात होतं. शेजारी त्याचे चुलते महिपतभाऊ उभे होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन ते सतत चारचौघांत मिरवत असत.

"डॉक्टर, ह्याला आधी घ्या. रगत बघा किती गेलंय."

सारिकाताईंनी विनीतला नाव विचारलं. त्याने नाव सांगितलं, वर चार शिव्याही दिल्या. बोटं हलवायला सांगितली, ती हलली. त्यांनी कपाळावर जाड कापसाची घडी दाबून धरली आणि आमच्या चालकाला, हृतिकला म्हणाल्या, "ही दाबून ठेव, हाताला फळी बांध. हा ओरडतोय म्हणजे श्वास चांगला चाललाय."

मग त्या वळल्या. रस्त्याच्या कडेला दगडाला टेकून एक म्हातारी बसली होती, चंद्राबाई. तिला रिक्षातून ओढून तिथे बसवून लोक विसरून गेले होते. जवळ फक्त तिचा नवरा गोमाजी होता. कुणीतरी हातात दिलेली पाण्याची बाटली तो तिच्या ओठाला लावत होता.

"बाबा, पाणी नको, आत मार असेल तर धोका वाढतो," सारिकाताईंनी बाटली बाजूला केली. "आजी, काय होतंय?"

"काय नाय गो," चंद्राबाई म्हणाली. शब्द यायला वेळ लागला. "जरा डावी कूस दुखते. खांदा पन. मी बरी हाय."

सारिकाताईंनी तिचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख पुन्हा लाल व्हायला फार वेळ लागला. कपाळावर गार घाम होता. मग त्यांनी मला तिच्या दंडाला गुंडाळलं. किती दंड मी आवळले आहेत, पण हा दंड ओल्या फडक्यासारखा गार होता. माझ्यातली हवा सुटू लागली तरी नाडीचा ठोका काही लागेना. लागला तेव्हा तबकडीचा काटा ऐंशीच्याही खाली उतरला होता. ठोका बारीक होता आणि घाबरल्यासारखा पळत होता. अंगावर ओरखडा नव्हता, पण पोटाच्या आत रक्त वाहत होतं.

"स्ट्रेचर आण. आजींना आडवं घ्यायचं."

महिपतभाऊ रुग्णवाहिकेच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "ही म्हातारी बसून बोलते. आमचा पोरगा रगतानं भरलाय. तुमाला दिसत नाय का?"

"दिसतंय, म्हणूनच सांगते. बाजूला व्हा. स्ट्रेचर एकच आहे, तो पुढे बसून येईल."

"पुढं नाय बसायचा तो. आडवा जाईल."

त्यांच्या मागे दहा माना डोलल्या. त्या दहांतल्या एकानेही म्हातारीला हात लावून पाहिला नव्हता. मला त्यांची किळस आली.

मग चंद्राबाईच बोलली. "त्येला न्या आधी. तरना हाय तो. माजं काय."

एवढं म्हणून ती गोमाजीच्या अंगावर कलली. डोळे अर्धे मिटले. गोमाजी तिला हाका मारू लागला आणि तिचं उत्तर येईना.

विनीतचं ओरडणं थांबलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग बांधलेला हात छातीशी धरून तो स्वतःच उठला आणि जाऊन पुढच्या सीटवर बसला. "काका, दार सोडा," एवढंच म्हणाला. त्या दिवशी गर्दीतल्या एकाच माणसाबद्दल माझं मत बदललं, ते तेव्हा.

महाडपर्यंत मी चंद्राबाईच्या दंडावर होतो. सारिकाताई मला पुन्हा पुन्हा फुगवत, सलाईनची धार वाढवत, तिला नाव विचारत. महाडला तिला थेट शस्त्रक्रियेला घेतलं. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती. चंद्राबाई वाचली.

पुढे गावात आमचा सत्कार झाला. रुग्णवाहिका वेळेवर आली ती आपल्यामुळेच, असं महिपतभाऊंनी भाषणात सांगितलं. टाळ्याही पडल्या. मग फोटोसाठी त्यांनी दंड पुढे केला. मी त्यांचा रक्तदाब मोजला, तो भलताच चढलेला निघाला. सारिकाताई हळूच म्हणाल्या, "गोळी सुरू करायला हवी." महिपतभाऊ लोकांकडे बघून हसले. "हे मशीन जुनं झालंय."

त्या वाक्यावर लोक पोट धरून हसले. पुढे खरोखरच माझी पकड सैल झाली, नवं बॅटरीचं यंत्र आलं आणि मी खोक्यात पडलो. धूळ बसली, रबराला भेगा पडल्या. मला जुनं म्हटलं याचा राग नाही. खरा आकडा ऐकून हसणाऱ्यांचा मात्र अजून तिटकारा आहे.

आज सारिकाताईंनी मला तुमच्या शाळेत आणलं, प्रथमोपचार शिकवायला. मघाशी त्यांनी अपघाताचं नाटक लावलं. राहुलने जमिनीवर लोळून गळा काढला आणि तुम्ही सगळे त्याच्याकडे धावलात. दोघांनी पाण्याच्या बाटल्याही उघडल्या. टेबलावरून मी ते पाहिलं. तुम्हीही मोठेपणी त्याच गर्दीत उभे राहणार, असं मला वाटलं.

पण तुम्ही अजून लहान आहात, म्हणून एकदाच विनवतो. माझी निगा राखली नाही तरी चालेल, माणसांची राखा. राजनंदिनी तिकडे भिंतीला टेकून बसली आहे, मान एका बाजूला टाकून, डोळे अर्धे मिटून. नाटक संपलं असं सारिकाताईंनी अजून म्हटलेलं नाही. राहुलला ओरडू द्या. तिच्याकडे जा आणि आधी तिला नाव विचारा.