नेलपॉलिशचा ठिपका

सहा दिवसांत भोकं पाडायची अकरा बिटं तुटली, तेव्हाच मी ठरवलं की हे काम माणसाचं आहे, लोखंडाचं नाही.

माझी बायको सुवर्णा म्हणते की मला दुधात माशी नसली तरी दिसते. म्हणू दे. देऊळघाटात बारा वर्षं मी पत्र्याच्या शेडचा धंदा करतो. गोठे, गोदामं, दुकानांपुढची छपरं. या धंद्यात डोळा लागला की लोखंडी अँगल चोरीला जातो, वेल्डिंगच्या कांड्या जातात. इतक्या वर्षांत मी डोळे मिटून राहिलो ते फक्त एका माणसाच्या भरवशावर, धम्मरत्नच्या. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. पुढे धंदाही दोघांनी मिळून काढला. त्याच्या डब्यातली भाजी मी खायची आणि माझ्या डब्यातला ठेचा त्याने, हे न बोलता ठरलेलं.

दिवाळीनंतर आम्ही बॅटरीचं इम्पॅक्ट मशीन घेतलं. साधं ड्रिल नुसतं फिरतं, हे फिरता फिरता आतून ठोके देतं. स्क्रू झटक्यात बसतो, पण बिटाचा जीव जातो. शिवाय गोल दांड्याचं बिट त्यात बसतच नाही, दांडा सहाकोनी लागतो. म्हणून बिटं घ्यायला आम्ही दोघं चिखलीला दयारामशेठच्या दुकानात गेलो. त्याने काचेवर तीन ढीग मांडले. सोनेरी, साधी काळी आणि महागाची काळी. माझा हात सोनेरीकडे गेला. दिसायलाच झकास होती. धम्मरत्नने त्यातलं एक उचललं, दांड्यावरून नख फिरवलं आणि खाली ठेवलं.

"हे जोडाचं हाये," तो म्हणाला. "सहाकोनी दांडा अलग, बिट अलग, दाबून बसवलं. ठोका बसला का जोडातूनच फिरन."

"अन् हे महागाचं?"

"हे एकाच कांबीतलं हाये. मान पाह्य, जराशी बारीक ठेवली. ठोका बसला का तिथं पीळ खाते अन् सोसते. वर लिहेल बी हाये, इम्पॅक्टसाठी म्हणून. हेच घे."

दयारामशेठ त्याच्याकडे पाहून हसला. दुकानदार उगाच हसत नाही, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. पण वीस बिटं घेतली, तीच महागाची काळी.

पहिल्या आठवड्यात एकच तुटलं. मग आम्ही गुलाबरावांच्या शेतात शेड उभारायला घेतला. तूर घरात यायच्या आत त्यांना तो पाहिजे होता. आणि तिथे बिटांना जणू महामारी लागली. भोक निम्मं झालं की टक्, मानेतून तुकडा. मी आधी दयारामशेठला धरलं. चिखलीला जाऊन त्याच्याच दुकानात नवं बिट लावून जाड अँगलला भोकं पाडली. सहा भोकं झाली तरी बिट जसंच्या तसं. म्हणजे दुकानात खोट नव्हती. मग उरलं माझं वर्कशॉप.

बिटांची पेटी घराला लागूनच असलेल्या वर्कशॉपच्या फळीवर असायची. रोज लागतील तेवढी आम्ही काढून न्यायचो. तिला हात लावणार कोण? मी आणि धम्मरत्न. घरी माझा बाप कडूबा असतो, पण त्याला मी मोजलाच नाही. एके काळी पंचक्रोशीला विळे-कुऱ्हाडी घडवून देणारा माणूस, आता पंच्याहत्तरीचा. हात थरथरतात. दोन वर्षांपूर्वी ग्राइंडरवर बोट कापून घेतलं, तेव्हापासून मी त्याला कशालाच हात लावू देत नाही. तो मागच्या अंगणात बाजेवर पडून असतो.

राहिला धम्मरत्न. एकदा डोक्यात किडा वळवळला की सगळंच दिसायला लागतं. हल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात एक चपटी डबी असायची. मी जवळ गेलो की त्याचा हात तिच्यावर जायचा. एकदा तो मागच्या अंगणात बाबांच्या कानाशी काहीतरी बोलत होता, मला पाहून गप्प झाला. एकदा त्याच्या गाडीला पोतं बांधलेलं दिसलं. "काय आणलं बे?" तर म्हणे, "काई नाही." त्याचा मावसभाऊ मोताळ्याला शेडचाच धंदा काढणार होता आणि याला बोलावत होता, हेही मला ठाऊक होतं. गणित सरळ होतं. चांगली बिटं मोताळ्याला जात होती आणि पेटीत रद्दी येत होती.

माझे मामा उकंडराव भागीदारीच्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "त्या लोकाइवर लय भरवसा ठेवू नको." मी तेव्हा त्यांना चांगलंच झापलं होतं. आता तेच वाक्य रोज आठवायला लागलं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

रविवारी मी सुवर्णाची लाल नेलपॉलिश घेतली आणि पेटीत उरलेल्या आठही बिटांच्या दांड्यावर एकेक ठिपका दिला.

"बिटाइचं लगन काढलं काय?" सुवर्णाने विचारलं.

"चोराचं," मी म्हणालो.

सोमवारचा दिवस पत्रे आणण्यात गेला. मंगळवारी सकाळी ती आठही बिटं घेऊन आम्ही गुलाबरावांच्या शेतात गेलो. धम्मरत्न वर चढला आणि मी पेटी उघडली. आठ बिटं होती, पण ठिपका एकावरही नव्हता. माझं डोकं तापलं. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल.

"धम्मा, खाली ये."

तो उतरला. गुलाबराव तिथेच उभे होते आणि त्यांची बायको कलाबाई चहा घेऊन येत होती.

"खिशातली डबी काढ."

"काऊन?"

"काढ म्हणतो ना."

त्याने खिशावर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "दीपक, घरी बोलू. इथं नोको."

"घरी काऊन? इथंच काढ. सगळ्याइले पाहू दे."

"माह्यं आयक..."

"तुमच्या लोकाइवर भरवसा ठेवला, तिथंच माह्यं चुकलं!"

बोललो. तोंडातून सुटलं असं मी म्हणणार नाही, कारण कितीतरी दिवस ते आत तयारच होतं. कलाबाई चहाचं ताट घेऊन होती तिथेच थांबली. धम्मरत्नने डबी काढली, उघडली आणि पत्र्यांच्या थप्पीवर ठेवली. आत चार बिटं होती. त्याच कंपनीची, कोरी करकरीत. मग त्याने चपला घातल्या आणि शेताच्या बांधाने, धुऱ्याधुऱ्याने, रस्त्याकडे चालायला लागला.

"मिस्त्री, आता माह्या शेडचं?" गुलाबरावांनी विचारलं.

"होईन," मी म्हणालो.

त्याच्या डबीतली बिटं मी मशीनला लावून पाहिली. एकही तुटलं नाही. म्हणजे चांगला माल याच्याच खिशात होता. चोर मुद्देमालासह सापडला, अशा तोऱ्यात मी दुपारपर्यंत काम केलं. पण लांब पत्रा एकट्याला धरवत नाही. म्हणून मजूर बघायला गावात आलो आणि पाणी प्यायला घरी वळलो.

मागच्या अंगणातून कोळशाचा वास येत होता. जाऊन पाहतो तर बाबांची जुनी भट्टी पेटलेली. एका हाताने पंखा फिरवत होते, दुसऱ्या हातात सांडशी आणि सांडशीत बिट, विस्तवासारखं लाल. दयारामशेठच्या दुकानात लावून पाहिलेलं बिट मी फळीवर आणून ठेवलं होतं, तेच. बाबांनी ते बादलीत बुडवलं. चर्र झालं.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

ते दचकले आणि मग हसले. "पाणी देऊन राह्यलो. तुह्या बिटाइले पाणीच नाही, बापा. बजाराचं लोखंड ते. पह्यलं तुटलं तवाच म्या वयखलं." त्यांनी बिट तेलाच्या फडक्याने पुसलं. ते पुन्हा पहिल्यासारखं काळंभोर दिसायला लागलं. "काल ते आठ झाले. कोनंतरी लाल रंग लावेल होता, जयून गेला."

विळ्याला पाणी देतात तसं पाणी! विळ्याचं लोखंड तापवून बुडवलं की धार टिकते. पण हे बिट कारखान्यातूनच हवी तेवढी आच घेऊन आलेलं असतं. त्याला पुन्हा लाल करून पाण्यात घातलं की आत बारीक भेगा पडतात, आणि मग इम्पॅक्टचे ठोके ते फार वेळ सोसत नाही. हे मला आयटीआयला शिकवलं होतं. धम्मरत्नलाही.

"धम्माले माहीत हाये हे?"

"हाव. त्यानंच तं कोयशाचं पोतं आणून देल्लं. एक दिवस आला, पाह्यलं त्यानं. म्हणे बाबा, पाणी झ्याक बसलं, पण दीपकले नोका सांगू, तो वरडते." बाबांनी सांडशी माझ्यासमोर धरली. "अन् हे पाह्य. सांडशी हाती आली का हात कापत नाही."

खरंच कापत नव्हता. मला ओरडायचं होतं, पण तो स्थिर हात पाहून तोंड उघडलं नाही. आता सगळं कळलं. धम्मरत्न स्वतःच्या पैशाने नवी बिटं आणून खिशात ठेवत होता आणि माझी नजर चुकवून मशीनला लावत होता. पेटीतलं मी लावलं की तेवढंच तुटत होतं.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने, जनकाबाईने, पाणी दिलं आणि आत निघून गेली. तो ओट्यावर बसला होता.

"चुकलं माह्यं," मी म्हणालो.

"हाव."

"मले सांगतलं काऊन नाही बे?"

"काय सांगू? दोन वर्सांनं तुह्या बापाले हासताना पाह्यलं म्या. तुले सांगतलं असतं तं तू भट्टीच फोडली असती."

फोडली असती, हे खरं होतं.

"उद्या येशीन?"

"येईन. गुलाबरावले शब्द देल्ला हाये. त्याहिचा शेड उभा करतो, मंग मोताळ्याले जातो."

"मोताळ्याले? म्हणजे आंधीच ठरवलं होतं तुनं?"

माफी मागायला आलो होतो मी, आणि तरी हेच विचारलं. धम्मरत्न माझ्याकडे पाहून हसला. तसं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"नाही बे. आता ठरवलं."

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. काम नेहमीसारखंच चोख, गुलाबरावांशी गप्पाही नेहमीसारख्याच. दुपारी मात्र त्याने डबा कडुनिंबाखाली एकट्याने खाल्ला. संध्याकाळी हात धुतले, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढले. मग शर्टाचा. गाडीची किल्ली, रुमाल, पत्र्याचा एक स्क्रू. तो स्क्रू त्याने माझ्या हातावर ठेवला.

"पाह्यून घे."

"धम्मा, नोको बे असं करू."

"पाह्यून घे. मंग जातो."

त्या दिवसापासून धरून शेड व्हायला नऊ दिवस लागले. नऊही संध्याकाळी त्याने खिसे उलटे केले. रोज मी ठरवायचो की आज मान फिरवायची. आणि खोटं कशाला सांगू, रोज मी पाहायचो.