मी पाटी, टर्कीला साद घालणारी

मी एक पाटी आहे, पण माझ्यावर कुणी कधी अक्षर गिरवलं नाही. अक्रोडाच्या लाकडी वाटीत बसवलेला तळहाताएवढा गोल दगड, एवढाच माझा देह. माझ्यावर लाकडी काडी घासली की जंगली टर्की पक्ष्याच्या मादीचा आवाज निघतो. वसंतात जोडीदार शोधणारा नर त्या आवाजाकडे येतो.

ॲरिझोनातल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. तिथल्याच चँडलर शहरातले सुमंतकाका मला घेऊन आले. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला हा माणूस, सोडतीत शिकारीचा परवाना लागला की एप्रिलअखेर मला खिशात घालून डोंगरावरच्या पाइनच्या जंगलात जायचा. पण हळूहळू काकांचे कान गेले. मशीन लावूनही आवाज कुठल्या बाजूचा ते कळेना. दोनदा ते रिकाम्या हाताने परतले. मग मी गॅरेजमध्येच पडून राहिले.

यंदा परवाना लागला, तर तेच नको म्हणायला लागले. त्यांच्या टीममधली नागपूरची जागृती म्हणाली, मी येते, ऐकायचं काम माझं.

उजाडता उजाडता दोघं एका रुंद खोडाला पाठ टेकून बसले. ज्या बाजूने आवाज येईल त्या बाजूच्या काकांच्या गुडघ्यावर तिने टिचकी मारायची, असं ठरलं होतं. उजवीकडून नराची गडगडती हाक आली. काकांनी मला वाजवलं. त्याने दोनदा उत्तर दिलं आणि टेकाडापलीकडेच अडून बसला. काका जोरजोरात काडी घासू लागले, मग उठायलाच निघाले.

जागृतीने त्यांची बाही धरली. "काका, तुम्हीच गाडीत सांगितलं ना, नर अडला की गप्प बसायचं. त्यालाच शोधत येऊ द्या."

काकांनी मला खाली ठेवलं. वीस मिनिटं काहीच घडलं नाही. मग डावीकडे पाचोळा किंचित सळसळला आणि काकांच्या डाव्या गुडघ्यावर टिचकी पडली. नर न ओरडता वळसा घालून आला होता. त्याचं डोकं झाडाआड गेलं तेवढ्यात काकांनी बंदूक वळवली. तीस पावलांवरून एकच बार, आणि पक्षी जागीच पडला. काका बराच वेळ त्याच्या पिसांवर हात ठेवून बसले.

रविवारी जागृतीने टर्कीचा झणझणीत रस्सा केला. काकांनी दोनदा वाढून घेतला आणि मला तिच्या हाती दिलं.

आता मी तिच्याकडे सुखात आहे. एवढंच मागणं, तेलकट बोटं मला लावू नका. मग माझा आवाज बसतो. शनिवारी काका शिकवायला येतात. नीट ऐकू येत नाही म्हणून माझ्या लाकडाला बोटं टेकवतात आणि डोळे मिटतात. "जास्त दाबलंस," म्हणतात. ती पुन्हा हलकेच काडी फिरवते.

"हां. आता मादी बोलली."