भावजींची सुरावट

भावजींना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे अख्ख्या घरात फक्त तिला ठाऊक होतं. पण गेली दोन वर्षं तिलाही त्याची खात्री वाटेनाशी झाली होती.

ती एका नृत्यशाळेत पियानो वाजवायची. सकाळी नऊ ते एक, लहान मुलींच्या टाचा उचलून होईपर्यंत तेच ते चार तुकडे. स्वतःच्या सुरावटी ती घरी वहीत लिहून ठेवायची. मग दोन वर्षांपूर्वी ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या दिवशी भावजींनी दिवाणखान्यात नवा कोरा सिंथेसायझर मांडला आणि आपण ‘रचून रेकॉर्ड केलेली’ एक सुरावट कॉम्प्युटरवरून सगळ्यांना ऐकवली. मध्येच सूर थांबले, आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही. “तिथं मला आई दिसली,” भावजी डोळे मिटून म्हणाले. पाहुण्यांनी रुमाल काढले.

सुरावट सुंदर होती, हेच तर दुखणं होतं. ज्या माणसाला टाळीसुद्धा धड वाजवता येत नाही, त्याला हे सुचतं, आणि आपण जन्मभर पट्ट्या बडवतोय! त्या रात्री तिनं वही माळ्यावर टाकली ती टाकलीच.

यंदा मात्र नृत्यशाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला मिळालेल्या सभागृहात पियानोच नव्हता. “तूच काहीतरी रच आणि रेकॉर्ड करून आण,” मोठ्या बाईंनी फर्मावलं. त्यासाठी कीबोर्ड हवा होता. ताईनं हे घरी सांगितलं, आणि दोघी वाद्यांच्या दुकानात पोचल्या तर भावजी न बोलावता तिथं हजर झाले.

“याच्यात बाराशे आवाज आहेत,” त्यांनी एका लांबलचक, दिव्यांनी लखलखणाऱ्या यंत्रावर थाप मारली. “माझ्याकडे हाच आहे. त्या पलीकडच्या करड्या डबड्यात जेमतेम चाळीस.”

“मला दोन-तीन लागतील, भावजी.”

“आज लागतील. उद्या हेलिकॉप्टरचा आवाज लागला तर?”

असल्या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे त्याला किंमत देणं. भावजी तिथून हलले आणि काउंटरवरच्या मुलीला केबल कशी गुंडाळावी ते शिकवू लागले. ती मुलगी दहा वर्षं केबलच गुंडाळत आली असावी; तिनं जांभई दाबली.

तिनं त्या बाराशे आवाजवाल्याच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. हलकेच दाबा, जोरात दाबा, सूर तेवढाच. कोपऱ्यात एक छोटं बटण होतं, वर लिहिलं होतं ‘डेमो’. तिनं सहज दाबलं.

पहिल्या चार सुरांतच तिनं ओळखलं. तीच सुरावट. तीच चढण, तोच डावीकडचा खर्ज, आणि बरोबर त्याच जागी ती शांतता, जिथं आई दिसली होती.

भावजी धावतच आले. चेहरा पांढराफटक. पण माणूस मुलखाचा निर्लज्ज. “चोर!” ते ओरडले. “माझी धून चोरली कंपनीनं! मी यांना कोर्टात खेचतो!”

“काका,” काउंटरवरची मुलगी म्हणाली, “हे मॉडेल सहा वर्षांपूर्वीचं आहे. प्रत्येकात हीच धून येते.”

“सहा?” भावजींनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. तो जमला नाही. मग त्यांना बाहेर लावलेली गाडी आठवली आणि ते ती बघायला गेले.

तिला हसू आलं, मग किळस आली, आणि मग ती किळस फिरून तिच्याच अंगावर आली. त्यांचं सोड, आपण काय केलं? दोन वर्षं एका बटणापुढे मान तुकवली!

ताई दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीत घेऊन बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

“तुला माहीत होतं?”

“धूळ पुसताना दाबलं गेलं होतं. आठवड्याभरातच.”

“आणि बोलली नाहीस?”

“काय बोलू? जन्मात पहिल्यांदा कुणी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.”

“मी लिहायचं सोडलं, ताई. त्या धुनेपायी.”

ताईनं मान वर केली. “ते मला कुठं सांगितलंस तू?”

ती ताईपासून बाजूला झाली. तिनं करड्या डबड्यापाशी खुर्ची ओढली. बरोबर आणलेला लॅपटॉप त्याला जोडला, कानाला हेडफोन लावले. पट्टी हलकेच दाबली की सूर हलका यायचा, जोर दिला की भरून यायचा. आणि बोट पडताक्षणी यायचा, रेंगाळत नव्हता. दिवे नाहीत, हेलिकॉप्टर नाही. पंधरा मिनिटं ती वाजवत राहिली. “हा बांधून द्या,” ती म्हणाली.

“हाच घे म्हणून मी मघापासून कानीकपाळी ओरडतोय,” दारातून आत येत भावजी म्हणाले.

नृत्यशाळेसाठीची धून रचायला तिला पाच आठवडे लागले. पहिल्या तीन धुना तिच्या तिलाच पाणचट वाटल्या. त्या तिनं पुसून टाकल्या. चौथी मोठ्या बाईंनी दोनदा ऐकली आणि फक्त म्हणाल्या, “शेवट थोडा लांबव. मुलींना रंगमंचाबाहेर जायला वेळ हवा.”

कार्यक्रमाच्या दिवशी ती तिसऱ्या रांगेत बसली. मागच्या रांगेत भावजी शेजारच्या गृहस्थांना कुजबुजत होते, “मेहुणीची आहे. कीबोर्ड मी निवडून दिला, बरं का. बरेचसे सूरही मीच सुचवले.”

तिनं वळून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. रंगमंचावर मुलींची शेवटची ओळ अर्ध्या पावलानं मागे पडत होती, आणि तिला त्या सावरतात का ते बघायचं होतं.