एका नंबरावर सत्तावीस माणसं

‘एकच नोंद अपेक्षित होती, सत्तावीस सापडल्या.’

स्क्रीनवर लाल अक्षरांत एवढंच, आणि तेही इंग्रजीत. रश्मीनं ते अकराव्यांदा वाचलं आणि अकराव्यांदा तिला वाटलं, उचलावा हा लॅपटॉप आणि द्यावा भिरकावून. सापडल्या ना सत्तावीस? मग दाखव की मेल्या! जास्त सापडलं म्हणून गळा काढणारं यंत्र तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

टेबलापलीकडे दुर्पताबाई बसल्या होत्या, दरेकशाच्या वर जंगलातल्या एका टोल्यावरच्या, म्हणजे छोट्याशा वस्तीवरच्या. त्यांची एकोणीस वर्षांची प्रेरणा, सिकलसेलची पेशंट, दोन गल्ल्या सोडून दवाखान्यात पडून होती. लहानपणापासून इतक्यांचं रक्त चढलं होतं तिला, की आता नुसता गट जुळून भागत नव्हतं. पार आतपर्यंत जुळणारं रक्तच हवं. मागच्या हिवाळ्यात रश्मीच्या संस्थेनं टोल्यावर शिबिर घेतलं होतं. लहानथोर सगळ्यांचे नमुने तपासले, कोणाचं कोणाशी जुळतं ते सगळं या प्रोग्रामात भरलं. कागद लॅबमध्ये, आणि लॅब रविवारची बंद. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहाच्या आत माणूस आणा, नाहीतर माझ्या हातात काही नाही.

“काऊन बाई, काय म्हणून राहिली मशीन?”

“सांगते मावशी. दोन मिनिटं.”

ही दोन मिनिटं सकाळी दहाला सुरू झाली होती आणि आता तीन वाजत आले होते. आधी प्रोग्राम म्हणाला, असा रकाना तक्त्यात नाहीच. कोणीतरी तक्ता बदलला होता आणि कोड जुन्यालाच धरून बसला होता. तिनं तो सुधारला. मग म्हणाला, डेटाबेसशी कनेक्शन संपलं आणि तू आता माहिती मागतेस. दीड तास त्यात गेला. आणि त्यानंतर हे सत्तावीसचं नाटक.

हा प्रोग्राम मूळचा अश्विननं लिहिलेला. तो केव्हाच नोकरी सोडून पुण्याला गेलेला. तिनं त्याला फोन लावला, तर स्वारी जेवून निवांत.

“अरे यार, टेन्शन कायको लेती है? त्याले सांग, पहिली नोंद घे अन् बाकीच्या सोड. एरर गायब.”

तिनं तसं केलं. एरर खरंच गेला. पडद्यावर एक नाव आलं, केशोराव, वय एक्क्याऐंशी.

“मिळाला का?” दुर्पताबाई अर्ध्या उठल्या.

रश्मीनं नकारार्थी मान हलवली. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाचं रक्त काढायचं? एररचं तोंड बंद केलं म्हणून दुखणं थोडंच जातं! तिनं शिव्या देत ती ओळ खोडून टाकली आणि लाल अक्षरं परत आणली.

“अख्खा टोला उभा होता बाई त्या दिवशी,” दुर्पताबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “कोणी नाही म्हटलं नाही. कोणाचं लागते माझ्या पोरीले, तेवढं सांगा न.”

अख्खा टोला. सत्तावीस. रश्मीचा हात थांबला.

कोडात लिहिलं होतं, एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस. माणसाची ओळखच नंबरावरून. आणि टोल्यावरच्या सत्तावीस जणांनी एकच नंबर दिला होता. जंगलात रेंज धड कुठे, टोल्यावर फोन असणार एकाच घरी, सगळ्यांनी तोच लिहिला! अश्विनला बोल लावायची सोय नव्हती, कारण चाचणी रश्मीनं स्वतः घेतली होती. कुडव्यातल्या पंधरा शेजाऱ्यांची नावं भरली होती तिनं, ज्याच्या त्याच्या खिशात ज्याचा त्याचा फोन. कशाला अडतंय? पडद्यावर हिरवी खूण आली आणि ती खूश होऊन घरी गेली. अक्कल गहाण टाकली होती का गं तेव्हा, तिनं स्वतःलाच विचारलं. तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता.

तिनं जोडणी बदलली. एका नंबराला अनेक माणसं. माणसाची ओळख नंबरावरून नाही, त्याच्या स्वतःच्या क्रमांकावरून. प्रोग्राम पुन्हा चालवला. तो फिरत राहिला, फिरत राहिला, आणि पडद्यावर चार ओळी आल्या.

चार! चौघांची वयं तिशीच्या आतबाहेर, चौघांचं रक्त प्रेरणाशी जुळणारं.

“मावशी, मिळाले! चार मिळाले!”

दुर्पताबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले.

तीन वाजून वीस मिनिटं. दरेकशाहून इकडे यायला चारची गाडी, सहाच्या आत पोचवणारी. टोल्यावरून स्टेशन अर्ध्या तासाचं पायी, म्हणजे जमत होतं, जेमतेम का होईना. ज्याच्या घरी फोन असेल त्यानं नुसती हाक मारली की चौघं निघतील. एका फोनचं काम. चारही नावांपुढे तोच नंबर होता. रश्मीनं तो दाबला आणि फोन कानाला लावला. रिंग जात होती. देवा, उचल रे कोणीतरी!

टेबलापलीकडे दुर्पताबाईंच्या पिशवीत काहीतरी वाजायला लागलं.

“थांबा हं बाई,” त्या गडबडीनं पिशवी उपसत म्हणाल्या, “दवाखान्यातूनच असन.” त्यांनी छोटा बटणांचा फोन काढला, नंबर न बघताच कानाला लावला आणि डोळे पुसत जोरात म्हणाल्या, “हॅलो, डॉक्टरसाहेब? मिळाले जी, चार जण मिळाले. आता बोलावतो त्यायले.”

रश्मीला ते दोनदा ऐकू आलं, एकदा समोरून आणि एकदा कानातून.